अरमानची पंगत

आमचं मूळ गाव म्हणाल तं धामणगाव बढ्याच्या अलीकडं, नाव नाई सांगत, तुम्ही छापसान अन् उद्या कोणी म्हणन की तायड्याच्या पोरानं गावाची इज्जत काढली. बाप मलकापूरले जिनिंगात कापसाच्या गाठी उचलायचा, माय लोकाच्या वावरात निंदाले जायची, अन् आम्ही भावंडं घरी एकमेकाले मारत बसायचो. अंगणवाडी बिंगणवाडी आमच्या नशिबात नव्हती, मी डायरेक्ट पहिलीत गेलो, अन् गुरुजीनं नाव विचारलं तं म्या मोठ्या भावाचं नाव सांगतलं, काऊन की घरात दिवसभर हाक त्यालेच मारत होते, मले वाटलं घरातल्या सर्व पोरायचं तेच नाव असते. तेव्हापासून जे चुका चालू हायेत ते आजपावेतो चालू हायेत, भाऊ. तुम्ही लिहून घ्या, मले काही लाज नाई.

बारावी झाली. मास्तर व्हायचं ठरलं होतं, पण डीएडले नंबर लागला नाई, मंग एका जणानं सांगतलं की स्पेशल डीएड हाये, त्याले लागते. आता मले काय ठाऊक, मले वाटलं हॉटेलात स्पेशल चहा असते तसं असन, साध्यापेक्षा वरचं, दूध जास्त. म्या गावभर सांगतलं की साधं भेटलं नाई, स्पेशल भेटलं. बापानं पेढे वाटले. अन् कॉलेजात पहिल्याच दिवशी मॅडमनं डोळ्याले पट्टी बांधून पायऱ्या उतराले लावल्या, आंधळ्या माणसाले काय वाटते ते समजावं म्हणून, अन् मी पडलो, कोपर फुटलं, तवा समजलं हे कायचं स्पेशल हाये. बापाले दोन वर्सं सांगतलंच नाई. तो म्हणायचा माहा पोरगा स्पेशल मास्तर हाये, अन् मी मान हालवायचो.

तर ते झालं अन् तेव्हापासून मी कंत्राटावर हाओ. अकरा महिन्याची ऑर्डर, मंग ते संपते, मंग वाट पाहायची, मंग पुन्हा ऑर्डर. काम काय, तं फिरतं. जे लेकरू बोलत नाई, चालत नाई, ऐकत नाई, एका जागी बसत नाई, त्याच्या अंगणवाडीत जायचं, सेविकेले सांगायचं की याच्यासंग असं वाग, मायले सांगायचं की घरी हे कर, अन् गाडीले किक मारून पुढच्या गावाले. लोकं मले मुक्यायचे सर म्हणतेत. एका गावात तं येड्यायचे सर म्हणतेत, तेही चालते, आपण कुठं कुठं भांडत बसायचं.

सुरुवातीले मी देऊळगाव राजाकडं होतो. तिथलं एक सांगतो, मंग मुद्द्यावर येतो. एका लेकराच्या पायात ताकद नव्हती, त्याच्या घरी जाऊन मायले पायाचा व्यायाम शिकवायचा होता. गेलो. बाई भांडे घासत होती, लेकरू बाजीवर झोपेल होतं. म्या म्हटलं ताई, हे असे गुडघे वाकवायचे, असे सरळ करायचे, जोर लावायचा नाई, लेकराले दुखलं नाई पाह्यजे. बाई काही बोले ना, पदर तोंडाले लावून पाहत राह्यली. म्या घाम निघेपावेतो त्याचे पाय वरखाली केले. अन् ते लेकरू उठलं, माह्याकडं पाह्यलं, अन् दाराच्या बाहेर जे पळालं ते गल्लीच्या टोकापावेतो गेलं. बाई म्हणते, सर, ते माहं हाये, त्याले काही नाई झालेलं, तुमचं लेकरू शेजारच्या घरी. म्या म्हटलं मंग पहिलेच काऊन नाई सांगतलं. तं म्हणते, तुम्ही सरकारी माणूस, मले वाटलं आता धडधाकट लेकरायलेही व्यायाम देत असतीन.

हां, तं मुद्दा. धामणगाव बढ्याजोळच्या एका गावात लताताईची अंगणवाडी हाये. मी तिथं दर मंगळवारी जातो. एक खोली, पुढं टिनाचं शेड, भिंतीवर फळं काढेल हायेत, त्यातलं सीताफळ पाहून लेकरं कासव म्हणतेत. लताताई जीव लावणारी बाई, पण थकेल. तिले कुठं सर्व्हे कर, कुठं मतदारयादी कर, कुठं मोबाईलात फोटो चढव, अन् रेंज त्या गावात पिंपळाच्या पारावरच येते, म्हणजे तुम्ही कधी गेले तं सेविका पारावर उभी, हात वर, मोबाईल आकाशाले दाखवून राह्यली. मले म्हणते, सर, तुम्ही येता, चांगलं सांगता, अन् गाडीवर बसून जाता. राहायचं मले असते. म्या म्हणतो हाव ताई. दुसरं काय म्हणणार, खरंच हाये ते.

अरमान तिथं आला तवा तीनसाडेतीन वर्साचा असन. बाप कूलर दुरुस्त करते, उन्हाळ्यात घरी सापडत नाई अन् हिवाळ्यात काम सापडत नाई. माय रुखसाना, मी तिले भाभी म्हणतो. पोरगा गोरागोमटा, केस कुरळे, पण बोलणं नाई, हाकेले ओ नाई, डोळ्याले डोळा नाई. कुकरची शिटी झाली की कान दाबून कोपऱ्यात जाते. नवं माणूस आलं की डोकं भिंतीवर आपटते. लोकायनं भाभीले काय काय सांगतलं होतं. सासू म्हणे तू पोटुशी असताना गिरहनात भाजी चिरली. नवरा म्हणे तुनं मोबाईल दाखवला. एका बाबानं पाणी फुंकून देल्लं. अन् म्या गेलो अन् म्हटलं, भाभी, याले स्वमग्नता म्हणतेत. भाभी म्हणे, सर, वो कब उतरती. तापासारखं. आता काय सांगू तुम्हाले, या प्रश्नाचं उत्तर मले स्पेशल डीएडात कोणी शिकवलं नव्हतं. म्या म्हटलं, उतरत नाई भाभी, पण त्याच्यासंग राहता येते. ते म्हणे, मैं तो रह लूंगी, दुनिया रहेगी क्या.

तिचा जीव यातच अटकेल होता, की पोरगं लेकरायमंधी राहावं. बाकी बोलला नाई बोलला, शिकला नाई शिकला, ते काहीच म्हणे ना. घरी ठेवलं तं सासू दाराले कडी लावून आत बसवून ठेवायची. अंगणवाडीतले ते तीन घंटे म्हणजे त्याच्यासाठी सर्व दुनिया होती, अन् तिच्यासाठीही.

आता पंगत. तिथं दुपारी खिचडी असते, कधी उसळ, लेकरं आपल्या घरून ताटली आणतेत. तुम्हाले ठाऊक हाये, आपल्याकडं भांड्यावर नाव कोरून घ्यायची पद्धत. लगनात आलं तं मामाचं नाव, घरभरणीत आलं तं देणाऱ्याचं नाव. म्हणून ते बारकं बारकं पोट्टं असते, शेंबूड वाहून राह्यला असते, अन् त्याच्या ताटलीवर कै. सखाराम पाटील यांचे स्मरणार्थ. परी नावाची एक पोरगी हाये, वंदनाची, तिच्या ताटलीवर तिच्या आजीचं नाव हाये अन् ते आजी अजून जिवंत हाये, अंगणवाडीत येऊन भांडते. अरमानच्या ताटलीवर त्याच्या नानाचं नाव. सर्व ताटल्या मदतनीस मावशी धुऊन तिथंच एकावर एक रचून ठेवते, शनिवारी तेवढ्या घरी जातेत. अन् अरमानले ताटलीचं लय येड. काठावर उभी करायची अन् फिरवायची, फिरून फिरून ते आडवी पडेपावेतो तोंड जोळ नेऊन पाहत राहायचा. लोकाची घ्यायचा, आपलीच घ्यायचा असं नाई. त्याच्यावरून रोज बोंब. ताटली या घरची त्या घरी जायची, अन् आपल्याकडं नावाची ताटली दुसऱ्याच्या घरी सापडली तं सरळ चोरीच. दोन घरायचं बोलणं बंद झालं होतं एका ताटलीपायी.

अन् याच्यातच माही अक्कल घुसली. बुलढाण्याले आमचं तीन दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं. तिथं एका तज्ज्ञ माणसानं सांगतलं की लेकरायच्या बसायच्या जागा रोज बदला, म्हणजे सर्वायची सर्वायसंग दोस्ती होते, अन् असं लेकरू एकटं पडत नाई. बोलणं त्याचं इतकं गोड होतं, वरून समोसा गरम होता, मले सर्व पटलं. मंगळवारी येऊन म्या लताताईले सांगतलं, ताई, जागा बदला. ते म्हणे सर, लेकरं आपआपल्या जागेवर बसतेत, ठीक चाललं हाये. म्या म्हटलं, ताई, हे शास्त्र हाये. तिनं बापडीनं बदलल्या. तिले जवा जवा येळ भेटला तवा तवा बदलल्या.

अन् अरमान बोचकाराले लागला. पहिले करत नव्हता. आता कधी कोणाचा हात, कधी मान. कोणत्या दिवशी करन त्याचा पत्ताच लागे ना, एक दिवस गरीब गायीसारखा, दुसऱ्या दिवशी मांजरासारखा. लताताईनं मले विचारलं तं म्या काय म्हणावं, म्या म्हटलं वातावरण बदललं असन, पाऊसपाणी, झोप झाली नसन. सर्व सांगतलं, एक सोडून. मंग एका दिवशी त्यानं परीले बोचकारलं, डोळ्याच्या खालून गालापावेतो. जरा वर असतं तं डोळा गेला असता.

वंदना आली. वंदना काही वाईट बाई नाई, उगाच तिच्याविषयी काही लिहू नका. नवरा नाई तिले, परी एकटीच. ते पोरीले कडेवर घेऊन आली, गालावर हळद लावेल, अन् लताताईले म्हणे, ताई, आजपावेतो बोलली नाई, आता सांगून राह्यली. त्या पोराले ठेवाचं असन तं आमचे लेकरं येणार नाईत. अन् एकटी नव्हती, तिच्यामागं गल्लीतल्या बाया उभ्या होत्या. लेकरायचं वजन करता त्या दिवशी सर्व येतो, म्हणे, त्या दिवशी काय ते सांगून द्या. म्या मधात बोललो, ताई, त्याले समजत नाई तो काय करून राह्यला ते. तं माह्याकडं पाहून म्हणे, सर, त्याले समजत नाई, तुम्हाले तं समजते ना. मंग तुम्ही काऊन तुमच्या घरी नाई नेत. म्या बायकोचं तोंड डोळ्यापुढं आणलं अन् खिशात गाडीची किल्ली चाचपली.

लताताई बायका गेल्यावर खाली बसली. म्हणे सर, लेकरं कमी झाले तं मले वरून विचारतीन. अन् याले काढला तं मी भाभीले तोंड कसं दाखवू. भाभी बाहेर शेडात होती, तिनं सर्व ऐकलं होतं. चप्पल घालता घालता म्हणे, सर, उस दिन मेरेकू पहलेच बोल देना, मैं लेके नही आऊंगी, सबके सामने नको. असं म्हणे अन् त्याचं बोट धरून गेली. त्या दिवशी मले घरी जेवण गेलं नाई, अन् बायको म्हणे आज कोणत्या लेकराचं दुखणं ताटात आणलं.

वजनाच्या दिवसाच्या आधीच्या मंगळवारी गेलो तं लताताई नव्हती, कुठंतरी ड्युटीवर. मदतनीस मावशी एकटी, ते खिचडीकडं पाहील का लेकरायकडं, म्हणून लेकरं आपलेच जाऊन बसेल होते. मी दारातून पाह्यलं तं काय, अरमान ताटल्याची चवड छातीशी धरून चालून राह्यला. एक ताटली खांबाजोळ बसेल परीपुढं ठेवली. परीचीच. दुसरी त्या पाटलाच्या पोरापुढं. त्याचीच. असं करत करत सर्वायच्या बराबर वाटल्या, अन् शेवटी आपली घेऊन माठाजोळ जाऊन बसला. म्या म्हटलं मावशी, हे काय. मावशी म्हणे, करते तो कधी कधी. मले तं एकदम पटलं, भाऊ. पोरगं नावं वाचून राह्यलं. बोलत नाई, चालत्या माणसाकडं पाहत नाई, अन् कोरेल अक्षरं वाचते. म्या ऐकलं होतं अशा लेकरायविषयी, मोबाईलात पाह्यलं होतं. अन् असं लेकरू माह्या वाट्याले आलं. मी तं गाडीवर गाणं म्हणत आलो.

अन् पोटात राहते का माह्या. लताताईले फोन केला, भाभीले सांगतलं, पानठेल्यावर सांगतलं, पर्यवेक्षिका मॅडमले सांगतलं की मॅडम, वजनाच्या दिवशी तुम्ही स्वतः या, पाहा काय पोरगं हाये. वंदनाच्या घरी जाऊन सांगतलं की ताई, तुम्ही ज्याले काढाले निघाल्या तो तुमच्या परीच्या आजीचं नाव वाचते. वंदना म्हणे, वाचू द्या, बोचकारते तं. भाभी तेवढी भीली. म्हणे, सर, इत्ता मत बोलो, वो करेगा तबी करता, नई तो नई करता. म्या म्हटलं भाभी, माह्यावर सोडा. लोकं असं म्हणतेत तवा समजून जायचं की आता वाट लागणार.

वजनाचा दिवस आला. शेडाच्या बल्लीले वजनकाटा लटकेल, बाया भिंतीले टेकून बसेल, कडेवर बारके. मॅडमले खुर्ची टाकली खांबाजोळ. भाभी दाराच्या बाहेर अर्धी आत अर्धी, ओढणी मुठीत. अन् म्या काय केलं, म्या म्हटलं कोणी म्हणाले नको की पोरगं सवयीनं ठेवते, एकदम पक्कं दाखवू, म्हणून म्या माह्या हातानं सर्व लेकरं उठवले अन् त्यायच्या जागा अदलाबदल केल्या. परीले त्या टोकाले नेलं. पाटलाच्या पोराले दाराजोळ. म्या बायायकडं पाहून म्हटलं, पाहा आता, अन् अरमानच्या हातात चवड देल्ली.

तो उभा राह्यला. पाह्यलं. पुन्हा पाह्यलं. मंग सरळ खांबाकडं गेला अन् परीची ताटली मॅडमच्या मांडीवर ठेवली. बाया हासल्या. मॅडमही हासली, म्हणे मले वाढता का जेवाले. म्या म्हटलं चुकला, होते, पुढं पाहा. दुसरी ताटली ठेवली ते सखारामाच्या नावाची, एका मुसलमानाच्या पोरीपुढं. तिसरी रिकाम्या जमिनीवर, तिथं कोणीच नव्हतं. एकही बराबर नाई, भाऊ, एकही नाई. म्या त्याच्यामागं मागं चालून राह्यलो, हळू म्हणून राह्यलो, वाच ना बे, वाच, अरमान, नाव पाह्य. कोणी एक बाई म्हणे, सर, तुम्हीच वाचा, त्याले ऐकू द्या. सर्व शेड हासलं. अन् तो घाबरला. ताटल्या सुटल्या हातातून, फरशीवर जो आवाज झाला, त्यानं कान दाबले अन् डोकं खांबावर आपटाले लागला. भाभी धावली. मले वाटलं झालं. या पोराचे तीन घंटे म्या आपल्या हातानं घालवले.

भाभीनं त्याले धरलं, उचलून घेणार, तेवढ्यात तो तिच्या हातातून निसटला अन् परीवर गेला. सर्व बाया उभ्या राह्यल्या. वंदना पहिले पोचली, हात उचलेल होता तिनं. अन् त्यानं परीचा फ्रॉक धरला, बोचकारलं नाई, फ्रॉक धरला अन् ओढत ओढत खांबाजोळ घेऊन आला. तिथं मॅडम खुर्चीवर. तर त्यानं मॅडमच्या गुडघ्याले दोन्ही हात लावून ढकललं. मॅडम, कशी उठली देव जाणे, उठली. खुर्ची सरकली. त्यानं परीले खाली बसवलं, खांद्यावर दाबून, अन् तिच्यापुढं ताटली ठेवली. मंग पाटलाच्या पोराकडं गेला, त्याचं बोट धरलं. ज्यानं आजपावेतो कोणत्या लेकराचं बोट धरलं नव्हतं. दोघातिघायले त्यानं नेलं, बाकीच्यायले समजलं, ते आपलेच उठले अन् जिथले तिथं जाऊन बसले. मंग यानं ताटल्या ठेवल्या, सर्वायच्या बराबर, अन् माठाजोळ जाऊन मांडी घालून खिचडीची वाट पाहत बसला. डोक्याले टेंगूळ आलं होतं, तिकडं लक्ष नाई.

वंदनाचा हात खाली आला. ते काहीबाही इचार करून राह्यली होती, मंग लताताईले म्हणे, ताई, माह्या पोरीले ओरखडलं त्या दिवशी ते कुठं बसेल होती. लताताई म्हणे, त्या दिवशी दाराजोळ, त्या दिवशी म्या जागा बदलल्या होत्या. वंदना म्हणे, काऊन बदलल्या. अन् लताताईनं नुसतं माह्याकडं पाह्यलं. देवमाणूस ते, पण मान माह्याकडं वळली तं सर्व बायायच्या वळल्या. अन् तवा, भाऊ, माह्या टाळक्यात उजेड पडला, की लताताई बाहेर ड्युटीवर असते अन् लेकरं आपल्या जुन्या जागेवर बसतेत तवा हे पोरगं गरीब गाय, अन् लताताई शास्त्र पाळते तवा मांजर. पोरगं वाचत बिचत काही नव्हतं, फिरवून फिरवून कोणती ताटली कोणत्या जागेची ते त्याले पाठ झालं होतं. त्याले फक्त सर्व लेकरं आपल्या आपल्या ठिकाणी पाह्यजे होते, नसले की त्याचा जीव घाबरायचा, ओढून न्यायचं त्याले पहिले जमत नव्हतं, तं बोचकारायचा. अन् जागा हालवल्या कोणी, तं या समोशावर भुललेल्या सरानं. वंदना म्हणे, म्हणजे माह्या पोरीचा गाल तुमच्यापायी गेला. म्या म्हटलं हाव. म्हणे, मंग काढाचं कोणाले, याले का तुम्हाले.

बाया हासल्या. हासल्या म्हणून निभलं, नाईतं काही सांगता येत नव्हतं. वंदना म्हणे, राहू द्या त्याले, पण जागा हालवू नका, अन् अजून एकदा ओरखडलं तं मी ऐकणार नाई. भाभी तिच्याजोळ गेली, परीच्या गालावरून हात फिरवला अन् आपले बोटं आपल्या कानशिलावर मोडले. वंदनानं तिकडं पाह्यलं नाई, पण पोरीले मागं ओढलंही नाई.

तुम्हाले वाटन मंग सर्व चांगलं झालं. तसं नसते. मंग एक नवं पोरगं आलं, त्याले जागा नव्हती, ते कुठंही बसे, अरमाननं त्याले ओरखडलं. वंदना पुन्हा आली, पुन्हा बोलली, पुन्हा लताताईनं हात जोडले. मंग आम्ही त्या पोराची जागा ठरवली, खडूनं गोल काढून देल्ला, अरमान रोज त्या गोलाकडं पाहायचा, पंधरवडा गेला तवा त्याची ताटली तिथं ठेवाले लागला. असं एकेक. कोणी आजारी पडलं की अरमान त्याच्या रिकाम्या जागेवर ताटली ठेवते अन् तिच्याजोळ बसून रडते, मंग मावशी त्या लेकराच्या घरी जाऊन पाच मिनटासाठी त्याले उचलून आणते, तापातही. वंदनाच्या पोरीले आणलं होतं एकदा असं, चादरीत गुंडाळून. वंदनानंच आणलं. शिव्या देत देत आणलं, पण आणलं. अरमान बोलत अजून नाई. भाभीले एकदा ओढणी धरून माठाजोळ नेलं, पाणी पाह्यजे होतं, तं तिनं मले फोन करून सांगतलं, जसं काही पोरगं कलेक्टर झालं.

आता यंदा त्याले सहावं सरलं. अंगणवाडी सुटली, पहिली लागली. जिल्हा परिषदेची शाळा तिथंच हाये, रस्ता ओलांडला की. अंगणवाडीतले लेकरं सर्व तिकडंच चालले, परीही. पण तिथं बेंच हायेत, खोली मोठी, दुसऱ्या आळीचे पोट्टे, घंटी अशी की माहंही काळीज हालते. भाभीनं मले विचारलं, सर, उधर रख लेंगे ना. म्या म्हटलं कायदा हाये, ठेवाच लागते. म्हणे, कायदा मालूम है सर, बच्चे रख लेंगे क्या. हे बाई कधी सोपं विचारतच नाई.

म्हणून मे महिन्यात, शाळा बंद असताना, म्या त्या शाळेच्या गुरुजीकडून किल्ली मागतली. गुरुजी भला माणूस, म्हणे घेऊन जा, पण गावात सांगू नका, नाईतं लोकं म्हणतीन सुट्टीत शाळा कोणासाठी उघडली. तर मी, अरमान अन् भाभी, असं भर उन्हात त्या बंद शाळेत जायचो. टिनावर ऊन असं की डोकं भाजून निघे. पहिल्या खेपेले तो फाटकाजोळच बसला, उठेच ना. आम्हीही बसलो. दुसऱ्या खेपेले पायरीपावेतो. मंग नळाजोळ. भाभी टरबुजाच्या फोडी आणायची, आम्ही तिघं पायरीवर बसून खायचो. बायको म्हणे, लोकायच्या लेकरायची जागा पक्की करत फिरता, तुमची कधी होणार. यंदाची ऑर्डर अजून आली नाई ना. म्या म्हटलं येईन. नाई आली तं नाई आली, इतक्या वर्सात म्याही ऑर्डरची वाट पाहणं सोडून देल्लं.

शेवटी एक दिवस तो वर्गात शिरला. सर्व भिंतीले हात लावून आला, अन् खिडकीच्या खालच्या बेंचावर जाऊन बसला, कडेले. तिथून त्याले अंगणवाडीचं टीन दिसते. मंग दर खेपेले तिथंच. म्या गुरुजीले सांगतलं, गुरुजी, हे जागा त्याची, कोणाले बसू देऊ नका. गुरुजी हासले, म्हणे, तायडे सर, शाळा उघडते त्या दिवशी पोट्टे दारातून येत नाईत, खिडकीतून येतेत. कोण कुठं बसन हे काय माह्या हातात असते.

खरंच हाये त्यायचं. म्हणून म्या ठरवलं, शाळा येत्या सोमवारी उघडते, तं त्या दिवशी सकाळीच मी जातो. भाभीले सांगून ठेवलं, गर्दी कमी झाली की घेऊन या, घाई करू नका. तोपावेतो त्या बारक्या बेंचावर मीच बसून राहतो, गुडघे छातीले लावून. पोट्टे हासतीन, म्हणतीन सर पहिलीत बसले. म्हणू द्या. तो आला की उठीन.